नामलो : एका पट्ट्याचा मागोवा

तळहाताएवढ्या रुंदीचा विणलेला पट्टा आणि त्याच्या दोन्ही टोकांना बांधलेली दोरी, एवढंच नामलोचं रूप. पट्टा कपाळाच्या वर, टाळू सुरू होते तिथे बसतो. दोरी पाठीवरच्या ओझ्याच्या बुडाखालून फिरते. पूर्वी तो अल्लो नावाच्या खाजऱ्या झुडपाच्या वाखाचा विणत. आता ताग असतो, नाहीतर सिमेंटच्या गोणीची प्लास्टिकची पट्टी. नामलोच्या जोडीला डोको, म्हणजे तळाशी निमुळती होत गेलेली बांबूची टोपली, आणि तोक्मा, म्हणजे आडवी मूठ असलेली आखूड काठी. नेपाळचा सगळा पहाड शेकडो वर्षं या तीन वस्तूंवर चालला आहे. मीठ, धान्य, आजारी माणसं, देवाच्या मूर्ती, घराचे वासे, सगळं यांच्यावरूनच वर गेलं.

एव्हरेस्टचा इतिहास आपण नेहमी शिखराच्या बाजूने वाचतो. कोण किती उंचीवर पोचलं, कोण परतलं नाही, कोणी झेंडा लावला. मला तो या पट्ट्याच्या मागे चालत वाचावासा वाटतो. पट्टा आहे तसाच राहिला, त्याखालचं डोकं मात्र दर पिढीत बदलत गेलं. ज्याला जमलं त्याने तो उतरवून उताराच्या खालच्या गावातल्या माणसाकडे दिला. शेर्पा या नावाला जगात जो मान आहे, तोही या पट्ट्याखालीच कमावलेला आहे.

आपल्याकडे बाई चुंबळीवर हंडा ठेवते तेव्हा वजन डोक्यावरून सरळ मणक्यात उतरतं. नामलोतही भार मणक्यावरच येतो, मात्र ओझं पाठीला टेकलेलं असल्यामुळे माणूस पुढे झुकून खडा चढ चढू शकतो. खांदे आखडत नाहीत, छाती आवळली जात नाही, श्वास मोकळा राहतो. पाय घसरलाच तर मान बाजूला काढून ओझं टाकून देता येतं. भरिया, म्हणजे नामलोने ओझं वाहणारा माणूस, ते कसं उचलतो हे जवळून पाहण्यासारखं आहे. तो भरलेल्या डोकोकडे पाठ करून खाली बसतो, पट्टा टाळूवर चढवतो, बोटांनी जागा नीट करतो, मग पुढे झुकून दोन्ही हात तोक्म्यावर रोवतो आणि एका दमात उठतो. पहिली दोनचार पावलं डगमगती पडतात, मग लय सापडते. काही पावलांनंतर तो थांबतो, वळून तोक्मा डोकोच्या बुडाखाली सरकवतो आणि ओझं काठीवर टेकवून उभ्याउभ्याच दम घेतो. ओठांचा चंबू करून सोडलेल्या श्वासाची शीळ लांबूनही ऐकू येते. खालच्या डोंगरात वाटेवर चौतारे असतात, वड-पिंपळाखाली बांधलेले दगडी पार. त्यांची एक पायरी नेमकी डोकोच्या उंचीची ठेवलेली असते, म्हणजे न बसता ओझं टेकवता यावं. बांधणारा स्वतः कधीतरी वाहून दमलेला असणार, नाहीतर हे माप त्याला सुचलं नसतं.

शेर्पांचे पूर्वज साधारण पाचशे वर्षांपूर्वी पूर्व तिबेटातल्या खाम प्रांतातून निघून खुंबूच्या खोऱ्यात आले. हा प्रदेश एव्हरेस्टच्या दक्षिणेला आहे. मुख्य गाव नामचे, तेही ३,४४० मीटरवर. जव, फापर आणि नंतर आलेला बटाटा यांवर कसंबसं वर्ष निघायचं. भात इथे पिकत नाही. त्यामुळे शेर्पा जितका शेतकरी आणि गुराखी, तितकाच व्यापारी झाला. साडेपाच हजार मीटरांहून उंच असलेल्या नांगपा ला खिंडीतून तिबेटचं मीठ आणि लोकर खाली यायची. दक्षिणेकडचं धान्य, लोखंड, लोणी वर जायचं. हिमनदीवरून याक जात, पण नामचेच्या खाली याक टिकत नाही, त्याला उष्णता सोसत नाही. तिथून पुढे माणसाची पाठ. दूधकोशी नदीच्या खालच्या खोऱ्यातले राई जमातीचे शेतकरी मका आणि तांदूळ डोकोत भरून वर आणत आणि मीठ घेऊन उतरत. पुढच्या काळात जे घडलं त्याचा आराखडा इथेच आहे: वर जनावरं आणि सौदा शेर्पांचा, खालून चढणारी पाठ राईंची.

राज्याची नजरही या पट्ट्यावर होती. गोरखा राज्याने आणि पुढे राणा राज्यकर्त्यांनी डोंगरातून टपाल आणि सरकारी सामान नेण्यासाठी हुलाकाची व्यवस्था लावली. कागद नेणारा तो कागते हुलाक, बोजा नेणारा तो थाप्ले हुलाक. वाटेवरच्या घरांनी ठरलेल्या टप्प्यापर्यंत सामान पोचवायचं, ही सक्ती होती. राणांच्या मोटारगाड्या काठमांडूत आल्या त्याही अशाच. भीमफेदी गावाच्या पुढे गाडीचा रस्ता नव्हता; चाकं काढलेली अख्खी गाडी बांबूंच्या चौकटीवर बांधून पन्नास-साठ माणसं दोन डोंगर ओलांडून ती राजधानीत नेत. काठमांडूला भारताशी जोडणारा त्रिभुवन राजपथ १९५६ साली झाला. तोवर त्या शहरातली जवळजवळ प्रत्येक मोटार माणसांच्या अंगावरून आलेली होती. एवढं ओझं वाहून त्या माणसांना गाडीत बसायला मिळालं नाही, हे वेगळं सांगायला नको.

इंग्रजांनी १८३५ साली सिक्कीमच्या राजाकडून दार्जिलिंग घेतलं. रस्ते, चहाचे मळे, बंगले, सगळ्याला हात हवे होते आणि हातांना रोख पैसे मिळत होते. खुंबू आणि त्याखालच्या सोलूतले शेर्पा डोंगर ओलांडून तिथे जाऊ लागले. १९०१च्या जनगणनेत दार्जिलिंग भागात तीन हजारांहून जास्त शेर्पा नोंदले गेले. घरी धाकट्या भावाला जमीन कमी, डोक्यावर सावकाराचं कर्ज, आणि तिकडे रोजंदारी. या हिशेबाने निघालेली ही माणसं. हिमशिखरं चढायला त्यांच्यातलं कोणीही गेलं नव्हतं. शेर्पांसाठी शिखर ही देवाची जागा होती, तिथे पाय ठेवण्याचं कारणच नव्हतं.

१९०७ साली अलेक्झांडर केलास हा स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ सिक्कीममध्ये हिंडू लागला. त्याच्याबरोबर बहुतेक वेळा युरोपियन साथीदार नसायचे. तो स्थानिक माणसं घेऊन जायचा आणि त्याला शेर्पा सर्वांत पसंत पडले. त्याच वर्षी कब्रू शिखरावर गेलेल्या दोन नॉर्वेजियनांनीही त्यांची वाखाणणी केली. ही तारीफ लंडनपर्यंत गेली. १९२१ साली एव्हरेस्टची पहिली ब्रिटिश मोहीम दार्जिलिंगहून निघाली तेव्हा ओझी वाहायला शेर्पा होते. केलास त्याच मोहिमेत कांपा झोंगजवळ वाटेतच वारला. शेर्पांना गिर्यारोहणाच्या कामावर आणणारा हा माणूस आज फारसा कोणाला आठवत नाही.

पुढच्याच वर्षी, ७ जून १९२२ला, एव्हरेस्टच्या नॉर्थ कोल खिंडीखाली हिमस्खलनात सात हमाल गेले. वाचलेल्यांत मोहिमेतले इंग्रज गिर्यारोहक मॅलरी आणि सॉमरवेल होते. मेलेल्यांत एकही इंग्रज नव्हता याची खंत सॉमरवेलने पुढे लिहून ठेवली. एव्हरेस्टच्या कहाणीत मला सर्वांत आधी हा दिवस आठवतो, कारण पुढच्या शंभर वर्षांचं गणित त्या एका दिवशी मांडून झालं होतं.

१९२४च्या मोहिमेत नॉर्टन या गिर्यारोहकाबरोबर नोर्बू यिशे, ल्हाक्पा चेदे आणि सेम्चुम्बी या तिघांनी २६,८०० फुटांवर तंबू पोचवला. इतक्या उंचीवर ओझं नेणाऱ्यांना त्या मोहिमेत ‘टायगर’ म्हटलं गेलं. चार वर्षांनी हिमालयन क्लब स्थापन झाला. त्याच्या दार्जिलिंग शाखेने शेर्पांची नोंदवही ठेवली, प्रत्येकाला क्रमांक आणि मोहिमेचे शेरे लिहिण्याची पुस्तिका दिली. १९३०चं दशक संपताना टायगर बिल्लाही सुरू झाला. ही वही आज वाचताना दोन गोष्टी एकदम जाणवतात. एकीकडे प्रत्येक माणसाला नाव आहे, गाव आहे, कामाची दखल आहे, जी हुलाकातल्या भरियाला कधीच मिळाली नाही. दुसरीकडे ही नोकरचाकरांसाठी ठेवतात तशीच वही आहे. १९३४ला नांगा पर्वतावर वादळात सापडून तीन जर्मन आणि सहा शेर्पा मृत्युमुखी पडले. त्यांतला ‘गे-ले’ नावाचा शेर्पा खाली उतरू शकत असताना मोहिमेचा प्रमुख मेर्कल याच्यापाशी थांबला आणि त्याच्याबरोबरच संपला. अशा निष्ठेचे गोडवे खूप गायले गेले. घरी त्याच्या माणसांनी वर्ष कसं काढलं हे मात्र कोणी विचारलं नाही.

या काळात बायकाही वाहत होत्या. पाठीवर ओझं आणि ओझ्यावर तान्हं मूल, अशा शेर्पिणी मोहिमांच्या खालच्या तळांपर्यंत जात. शिखरांच्या पुस्तकांत त्या फार तर एखाद्या छायाचित्राच्या कोपऱ्यात सापडतात.

तेन्झिंग नोर्गेचं बालपण नांगपा लाच्या वाटेवरच्या थामे गावात याक राखण्यात गेलं. १९३२ साली, अठराव्या वर्षी, तो घरातून पळून दार्जिलिंगला आला. १९३५ला ब्रिटिश गिर्यारोहक एरिक शिप्टनने त्याला एव्हरेस्टच्या मोहिमेसाठी हमालांच्या रांगेतून उचललं. पुस्तिकेत एकही शेरा नसलेला पोरगा तो. तिथून १९५३पर्यंत त्याने जे केलं त्याची सुरुवात पाठीवरच्या ओझ्याने झाली. १९५३ला ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेचा सरदार, म्हणजे शेर्पांचा प्रमुख, तोच आणि चढाई करणारा सदस्यही तोच. शिखरावर जाण्याइतकंच, किंबहुना मला वाटतं त्याहून मोठं, पाऊल ते होतं.

त्या मोहिमेच्या सामानाची वाट मुंबईवरून गेलेली आहे. ‘स्ट्रॅथेडन’ बोटीने आलेले सदस्य आणि त्यांच्या पेट्या फेब्रुवारीच्या अखेरीस मुंबई बंदरात उतरल्या. तिथून रेल्वेने रक्सौल, पुढे नेपाळची छोटी रेल्वे, मग ट्रक आणि भीमफेदीहून काठमांडूपर्यंत रोपवे. काठमांडूत ब्रिटिश वकिलातीने साहेबांना घरात खोल्या दिल्या आणि शेर्पांना गॅरेज दिलं, जिथे शौचाची सोयही नव्हती. सकाळी शेर्पांनी वकिलातीसमोरच्या रस्त्यावर रांगेने उभं राहून लघवी केली. याला गैरवर्तन म्हणणारे तेव्हा बरेच होते. मला त्यात पट्टा उतरवायला निघालेली माणसं दिसतात. भक्तपूरहून मार्चमध्ये साडेतीनशेच्या आसपास भरिये निघाले. डोंगरात कागदी नोटा चालत नव्हत्या, म्हणून त्यांची मजुरी नाण्यांत द्यायची होती, आणि त्या नाण्यांच्या पेट्याही भरियांनीच वाहिल्या. स्वतःचा पगार आधी स्वतः वाहून न्यायचा आणि मग घ्यायचा, असा तो व्यवहार. दहा वर्षांनी अमेरिकन मोहीम आली तेव्हा भरियांचा आकडा नऊशेवर गेला होता.

तोवर नांगपा लाची वाट आटली होती. तिबेट चीनच्या ताब्यात गेला, १९५९ नंतर सीमेवर निर्बंध आले, मिठाचा व्यापार मोडला. नेमक्या त्याच वर्षांत दुसरी दारं उघडली. १९५३ला तेन्झिंगबरोबर शिखरावर गेलेल्या हिलरीने १९६१ला खुमजुंगला शाळा बांधली, १९६४ला लुकलाला उताराच्या अंगाने धावपट्टी केली. पुढे खुंदेला बांधायच्या इस्पितळाचं सामान आणता यावं हा हेतू होता. १९६५ला जिमी रॉबर्ट्स या निवृत्त ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या माउंटन ट्रॅव्हल कंपनीने तीन अमेरिकन बायकांना खुंबूत नेलं आणि पैसे देऊन ट्रेकला जाण्याची रीत पडली. त्याच वर्षी नामचेत शनिवारचा बाजार सुरू झाला. एका वर्षातले हे दोन प्रारंभ मला जोडूनच पाहावेसे वाटतात: पाहुणे वरून विमानाने येणार, आणि त्यांच्या ताटातलं अन्न खालून डोकोने.

शेर्पा घरांनी ही संधी फार हुशारीने पकडली. पाचशे वर्षांचा व्यापाराचा अनुभव होता, परक्याला घरात चुलीजवळ बसवण्याची रीत होती, मोहिमांतून आलेली ओळख आणि भाषा होती. घराची वरची खोली पाहुण्यांसाठी मोकळी झाली, पुढे तिचं लॉज झालं. कोणी सरदार झाला, कोणी ट्रेकिंग कंपनी काढली, मुलं काठमांडूच्या बोर्डिंग शाळांत गेली. सामान वाहायला घरचे याक आणि झोप्क्यो, म्हणजे याक आणि गाईच्या संकरातले बैल, होतेच. खालच्या वाटेवरचा नामलो मात्र शेर्पांनी दोनेक दशकांत जवळजवळ सोडला. त्यात दोष काढण्यासारखं काही नाही. जे काम आजोबांनी नाइलाजाने केलं ते नातवाने करू नये, यासाठीच माणूस राबतो. पण ओझं संपलं नव्हतं, उलट वाढलं होतं. अलीकडच्या काही वर्षांत खुंबूत वर्षाला पन्नास हजारांहून जास्त पाहुणे येऊन गेलेत. त्यांचे डफल, म्हणजे सामानाच्या मोठ्या पिशव्या, त्यांचं बाटलीबंद पाणी, बिअर, नूडल्स, गॅसची टाकी, लॉजच्या भिंतींचा प्लायवूड. हे सगळं उचलायला राई, तामांग, मगर, खालच्या खोऱ्यांतले गरीब शेतकरी आले. बाहेरचा पाहुणा त्या प्रत्येकाला ‘शेर्पा’च म्हणतो. म्हणजे ज्यांनी पट्टा उतरवला त्यांचं नाव, पट्टा घातलेल्यांना.

२००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात बेल्जियमच्या संशोधकांचा एक छोटा निबंध आला. बाजाराच्या आदल्या दिवशी ते नामचेच्या वाटेवर बसले आणि त्यांनी ५४५ पुरुष, ९७ बायका आणि ३२ याक मोजले. हे भरिये आठवडाभर चालून, शंभराहून जास्त किलोमीटर डोंगर चढत-उतरत आलेले. पुरुषांच्या पाठीवर सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के ओझं होतं, बायकांच्या पाठीवर ६६ टक्के. सर्वांत जड ओझं वाहकाच्या वजनाच्या १८३ टक्के होतं. पाठीवर पिशव्या घेतलेल्या युरोपियनांपेक्षा, आणि डोक्यावर ओझं नेणाऱ्या आफ्रिकन बायकांपेक्षाही, हे लोक जड ओझं कमी शक्तीत वाहतात, असं मोजमापांतून निघालं. हळू चालणं आणि फार वेळा थांबणं, ही त्यांची रीत.

हे आकडे थक्क करणारे आहेत, पण त्यांचा एक अर्थ चुकीचा काढला जातो: यांना सवय आहे, यांना जड वाटत नाही. इतकं ओझं घेण्यामागचं कारण सवयीपेक्षा मजुरीच्या रीतीत आहे. ट्रेकरचा डफल नेणाऱ्याला दिवसाप्रमाणे पैसे मिळतात. बाजाराचं आणि लॉजचं सामान नेणाऱ्याला किलोप्रमाणे. ऐंशी किलो नेले तर ऐंशीचे पैसे, म्हणून माणूस ऐंशी उचलतो. वाटेत खाणं-झोपणं त्याच्याच खिशातून; म्हणून तो लॉजऐवजी कपारीत किंवा भरियांच्या कोंदट खोपटात झोपतो. नामचेच्या खालच्या खड्या चढावर प्लायवूडचे तक्ते घेतलेला माणूस पाहावा. तक्ते त्याच्या दोन्ही बाजूंना हातभर बाहेर, झुलत्या पुलावर वारा आला की तो तिरका होऊन, पावलाला पाऊल लावत सरकतो.

राई आणि तामांग भरिये तुलनेने सखल भागातले. चार-पाच हजार मीटरची हवा त्यांना पाहुण्यांइतकीच परकी. तरी उंचीचा आजार साहेबाला झाला तर हेलिकॉप्टर, आणि भरियाला झाला तर हातावर पैसे ठेवून एकट्याला खाली पाठवणं, असं बरीच वर्षं चाललं. १९९७ला एका तरुण भरियाचा असाच मृत्यू झाला आणि त्यातून भरियांच्या सुरक्षेसाठी आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिने तीस किलोंची मर्यादा, उबदार कपडे, निवारा आणि विमा यांचा आग्रह धरला. गोक्योच्या वाटेवर माछेर्मोला भरियांसाठी निवारा आणि औषधोपचाराचं केंद्र झालं. पुण्या-मुंबईहून दरवर्षी कितीतरी मंडळी बेस कॅम्पला जातात. दोघांमागे एक भरिया, म्हणजे दोन डफल एका नामलोत, ही तिथली सर्वसाधारण पद्धत. आपला डफल पंधराऐवजी वीस किलोंचा भरला तर ते जास्तीचे पाच किलो नेमके कोणाच्या टाळूवर जातात, हे निघण्याआधी घरीच समजून घेता येतं.

शेर्पांनी ओझं सगळीकडे उतरवलं नाही. एव्हरेस्टच्या हिमधबधब्यात, म्हणजे बेस कॅम्पच्या वरच्या तुटत्या बर्फाच्या उतारावर, ते आजही त्यांच्याच पाठीवर आहे. तिथे नामलोची जागा आता रकसॅकने घेतली. जुन्या मोहिमांच्या छायाचित्रांत मात्र हिमनदीवरही कपाळावर पट्टा दिसतो. पैसे देऊन आलेला ग्राहक त्या धोक्याच्या टप्प्यातून मोजक्या वेळा जातो. तंबू, दोर, स्वयंपाक आणि प्राणवायूच्या नळकांड्या वर नेणारा हंगामात पुन्हा पुन्हा जातो. १८ एप्रिल २०१४ला सकाळी पश्चिम खांद्यावरचा हिमकडा तुटला आणि १६ नेपाळी कामगार मेले, त्यांतले १३ शेर्पा. बहुतेक जण वरच्या तळांवर सामान पोचवायच्या कामावर होते. सरकारने कुटुंबांना चाळीस हजार नेपाळी रुपये जाहीर केले. तेव्हा शेर्पांनी चढाई थांबवली, हंगाम बंद पडला, आणि विम्याची रक्कम दहा लाखांवरून पंधरा लाखांवर न्यावी लागली. १९२२ला मेलेल्यांसाठी इंग्रजाने खंत लिहिली होती. २०१४ला मागणी मेलेल्यांच्या भावांनीच केली, बेस कॅम्पवर एकत्र उभं राहून.

आता खालच्या वाटेवर खेचरांचे तांडे आलेत. जीपचा रस्ता दरवर्षी लुकलाच्या दिशेने सरकतो आहे. वाहून नेणाऱ्या कितीतरी घरांतली पोरं आखातात आणि मलेशियात बांधकामावर गेली. एप्रिल २०२४ला बेस कॅम्पहून पहिल्या तळापर्यंत ड्रोनची चाचणी झाली: एका खेपेत पंधरा किलो, सुमारे बारा मिनिटांत. हिमधबधब्यातून तेच अंतर चालायला शेर्पाला सहा ते आठ तास लागतात. दोर आणि शिड्या वर नेण्याचं, कचरा खाली आणण्याचं काम असं ड्रोनकडे गेलं तर त्या माणसांच्या धोक्याच्या फेऱ्या कमी होतील आणि त्या फेऱ्यांची मजुरीही. पहिल्या तळाच्या पुढे, ल्होत्से शिखराच्या भिंतीवरून साउथ कोल खिंडीपर्यंत, प्राणवायूची नळकांडी अजून माणूसच नेतो.